दहापैकी चार

सध्या आमच्याकडे घर शोधायची मोहीम चालू आहे. अमेरिकेत आल्यापासून भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये काढली आठ वर्षं, पण आता लेक पहिलीत जाणार, म्हणजे हलायलाच हवं. इथल्या देशी मंडळींना घर घेतोय म्हटलं की पहिला प्रश्न "किती बेडरूम?" असा येत नाही. "स्कूल रेटिंग किती?" असा येतो. सरकारी शाळेतला प्रवेश बहुतेक ठिकाणी पत्त्यावरून ठरतो, त्यामुळे घर घेणं म्हणजेच शाळा घेणं. घरांच्या वेबसाइटवर प्रत्येक घराखाली शाळेला दहापैकी मार्क दिलेले असतात. आम्हाला आवडलेल्या घराखाली आकडा होता चार.

बायको म्हणाली, "पुढचं दाखव." मीही मुकाट्याने पुढचं दाखवलं. पण पोटापाण्यासाठी डेटाशी झटापट करणारा माणूस मी. आकडा दिसला की तो नक्की काय मोजतो हे खणल्याशिवाय चैन पडत नाही. शनिवार-रविवार त्यातच गेला आणि पोचलो थेट कॅन्ससमधल्या टोपेका गावी.

१८७९ च्या एका कायद्याने कॅन्ससमधल्या मोठ्या शहरांना काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या प्राथमिक शाळा वेगळ्या ठेवायची मुभा होती. सक्ती नव्हे, मुभा! टोपेकाने ती पुरेपूर वापरली. १९५० च्या सुमारास तिथे गोऱ्यांसाठी १८ प्राथमिक शाळा होत्या आणि काळ्यांसाठी ४. ऑलिव्हर ब्राऊन हे रेल्वेच्या वर्कशॉपमधले वेल्डर. त्यांच्या घरापासून समनर शाळा सात ब्लॉकवर, पण ती गोऱ्यांची. त्यांची लेक लिंडा रेल्वे यार्डातून सहा ब्लॉक चालायची, मग बस पकडून लांबच्या मन्रो शाळेत जायची. ब्राऊन धरून १३ पालक १९५१ साली कोर्टात गेले.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. माझी समजूत अशी की काळ्यांची शाळा म्हणजे गळकं छप्पर आणि फाटकी पुस्तकं. दक्षिणेतल्या कित्येक गावांत तसं होतंही. पण टोपेकात नव्हतं. मन्रोची इमारत १९२६ ची, चांगली पक्की विटांची. इमारती, अभ्यासक्रम, शिक्षकांची पात्रता हे सगळं दोन्हीकडे जवळपास सारखंच आहे, असं खालच्या कोर्टाने तपासून नोंदवलं. १८९६ च्या निकालाप्रमाणे "वेगळं पण समान" चालत होतं, म्हणून पालक तिथे हरले. पण त्याच कोर्टाने आणखी एक गोष्ट नोंदवली: असं वेगळं बसवल्याने काळ्या मुलांच्या शिकण्यावर वाईट परिणाम होतो. १७ मे १९५४ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा त्या निकालात ही नोंद उद्धृत केलेली होती.

म्हणजे बघा, विटा सारख्या, पुस्तकं सारखी, तरी शाळा सारखी नाही. वर्गात कोण कोणाबरोबर बसतं, हाही शाळेचाच भाग.

(याची एक कडू बाजूही आहे. निकाल लागायच्या आधीच, १९५३ मध्ये, टोपेकाच्या शिक्षण खात्याने काही काळ्या शिक्षकांना पुढच्या वर्षी काम नसेल अशी पत्रं धाडली. मुलं एकत्र आली तर गोऱ्या मुलांना काळ्या बाई कशा चालतील, ही भीती! पुढे दक्षिणेत हजारो काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या.)

आता आकड्यांकडे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात शाळांच्या पाहणीची तरतूद होती. ते काम जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाकडे आलं. सुमारे ४,००० शाळा, ६ लाखांच्या आसपास मुलं. त्या काळच्या कॉम्प्युटरवर हा डेटा चालवणाऱ्यांना माझा दंडवत :-) अपेक्षा अशी की काळ्यांच्या शाळांत साधनं कमी, म्हणून मार्क कमी, हे सिद्ध होणार. १९६६ च्या रिपोर्टात निघालं भलतंच. साधनांतला फरक अपेक्षेपेक्षा कमी होता, आणि मार्कांचा सगळ्यात घट्ट संबंध होता मुलाच्या घराशी. त्यानंतर, वर्गातली बाकीची मुलं कुठल्या घरांतून येतात याच्याशी. इमारत आणि प्रयोगशाळा फार मागे.

पुढे २००२ च्या कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी परीक्षा सक्तीच्या केल्या आणि निकाल वंश, गरिबी, भाषा अशा गटांनुसार जाहीर करायला लावले. हेतू चांगला होता, मागे पडणारी मुलं सरासरीत लपू नयेत. पण हा डेटा घरांच्या जाहिरातीत पोचला तो एका आकड्याच्या रूपात, आणि तिथे नेमकी सरासरीच उरली.

अलीकडे स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरच्या निकालांत दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: मुलं किती मार्कांवर आहेत, आणि दरवर्षी किती पुढे सरकतात. पहिलीचा पालकांच्या ऐपतीशी घट्ट संबंध, दुसरीचा बराच कमी. शिकागोच्या सरकारी शाळा सरासरी मार्कांत मागे. पण २०१७ च्या त्यांच्या अभ्यासात तिथली मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सहा वर्षांइतकं शिकताना दिसली.

आमच्या भाषेत सांगायचं तर आपण आउटपुट बघतो, इनपुट वजा करतच नाही. दोन इंजिनिअरांची, घरात पुस्तकांचा ढीग असलेली पोर शाळेत गेली की तिचे मार्क शाळेच्या खात्यात जमा. मग आकडा वाढतो, घरांच्या किमती वाढतात, आणि तितके पैसे नसलेला माणूस आपोआप बाहेर. टोपेकात हे कायद्याने होत होतं, इथे गृहकर्जाने होतं. आणि त्यात आमचाही हात आहे.

काल रात्री हे सगळं बायकोला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तुझं पटतंय रे. पण प्रयोग आपल्याच पोरीवर करायचा?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी इतकंच ठरलं की येत्या आठवड्यात त्या चारवाल्या शाळेत जाऊन यायचं. वर्गात बसायचं, शिक्षकांशी बोलायचं, आणि मुलं वर्षभरात किती पुढे सरकतात ते विचारायचं. आकड्यावरून "पुढचं दाखव" म्हणायचं नाही. निदान शाळा बघितल्याशिवाय तरी नाही.