चष्मा लावूनही नीट दिसत नाही? लो व्हिजन आणि ऑप्टोमेट्रीचं करिअर

ऑपरेशन झालं, औषधं झाली, चष्म्याचा नंबरही बरोबर आहे, तरी नीट दिसत नाही. याला लो व्हिजन म्हणतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ ते ३/६० इतकी कमी असेल, किंवा नजरेचा घेर ४० अंशांपेक्षा कमी पण १० अंशांपर्यंत असेल, तर ते लो व्हिजन. अशी व्यक्ती अंध नसते. उरलेली नजर वापरायला शिकवणं हे लो व्हिजन रिहॅबिलिटेशन, आणि त्यात मोठं काम ऑप्टोमेट्रिस्टचं.

कारणं
डायबेटिसने खराब झालेला डोळ्याचा पडदा, काचबिंदू, जन्मजात दोष ही नेहमीची कारणं. रेटिनायटिस पिगमेंटोझा हा आनुवंशिक आजार बहुधा रातांधळेपणाने सुरू होतो. आईवडील जवळच्या नात्यातले असतील तर असे काही आजार मुलांत येण्याची शक्यता वाढते. घरात कुणाला तो असेल तर मुलांचे डोळे लवकर तपासून घ्या.

ऑप्टोमेट्रिस्ट काय करतो?
पहिला प्रश्न असतो, "तुम्हाला नेमकं काय करायचंय?" मुलाला फळा वाचायचा असतो, दादीला कुरआन शरीफ, दुकानदाराला बिलं. त्याप्रमाणे साधन ठरतं. वाचनाच्या भिंगाचा सुरुवातीचा अंदाज सोपा आहे: नजर ६/६० असेल तर ६० भागिले ६, म्हणजे १० डायऑप्टर. हे भिंग चष्म्यात बसवलं की पुस्तक १० सेंटिमीटरवर धरावं लागतं. म्हणून "पुस्तक डोळ्यांना चिकटवू नकोस" असं या मुलांना ओरडू नका. जवळ धरल्याने त्यांची नजर आणखी जात नाही. अक्षर मोठं दिसतं. फळ्यासाठी छोटी दुर्बीण असते. चांगला टेबल लॅम्प, जाड काळी अक्षरं, मोबाइलवर मोठा फॉन्ट यांनीही फरक पडतो.

हक्क
नोकरी-शिक्षणातल्या आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. सरकारी नोकऱ्यांत अंध आणि लो व्हिजन मिळून १ टक्का जागा राखीव आहेत. मुलाला परीक्षेत जादा वेळ मिळेल का, हे शाळेत वेळेवर विचारा. यूडीआयडी कार्डही काढून ठेवा.

करिअर
बारावी सायन्सनंतर बॅचलर ऑफ ऑप्टोमेट्री हा चार वर्षांचा कोर्स करता येतो. शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पुढे मास्टर्स आहे. पनवेलमध्ये लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आणि लक्ष्मी कॉलेज ऑफ ऑप्टोमेट्री असल्याने रायगडच्या मुलामुलींना हे शिक्षण घराजवळ मिळू शकतं. प्रवेशाआधी कॉलेजची मान्यता, फी आणि लो व्हिजन क्लिनिकमध्ये प्रत्यक्ष काम मिळतं का, हे जरूर विचारा. चष्म्याच्या दुकानापुरतं हे करिअर नाही. हॉस्पिटल, संस्था, विशेष शाळा इथेही काम आहे. एका पेशंटला तास-तासभर द्यावा लागतो, तेव्हा सबर हवाच.

"आता काही होणार नाही" असं ऐकून घरी बसलेलं कुणी असेल, तर त्यांना एकदा लो व्हिजन तपासणीला घेऊन जा.