गळणाऱ्या तेलाचा इतिहास : अॅम्बॅसडरच्या इंजिनात नसलेले सील

#थ्रेड
अकोल्यात आजोबांच्या घरी १९७७ सालची अॅम्बॅसडर मार्क ३ आहे. ती उभी असते तिथे फरशीवर ताटाएवढा काळा डाग वर्षानुवर्षे आहे. गेल्या दिवाळीत तो परातीएवढा झाला. मिस्त्रींनी खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, मागचं सील गेलं. इंजिन उतरवा लागते." खर्च ऐकून काकांनी भंगारवाल्याशी बोलणी सुरू केली. मला मात्र एक प्रश्न पडला : या इंजिनाला मागे सील होते कधी? १/

हिंदुस्तान मोटर्सची स्थापना १९४२ ची, ओखा बंदरातली; पुढे कारखाना बंगालातील उत्तरपाड्याला गेला. तेथे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ या इंग्रजी गाडीवरून १९५० च्या दशकाच्या अखेरीस अॅम्बॅसडर घडली आणि लवकरच तिच्यात बीएमसी कंपनीच्या 'बी-सिरीज' घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन बसले. २/

या घराण्याच्या जुन्या, तीन बेअरिंगच्या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नसते. असते ते शाफ्टवरच कोरलेले मळसूत्र. शाफ्ट फिरू लागला की ते बाहेर निघालेले तेल ओढून पुन्हा आत, चेंबरकडे ढकलते. पाणी उपसणारा आर्किमिडीजचा स्क्रू आठवा, तत्त्व तेच. त्यात झिजणारा भाग नाही, ही त्याची खुबी. पण इंजिन थांबले की मळसूत्रही थांबते, आणि मागे राहिलेले चार थेंब खाली येतात. म्हणजे ताटाएवढा डाग हा दोष नव्हताच, ती रचना होती. ३/

इंग्लंडमध्ये १९६४ साली एमजीबी गाडीला पाच बेअरिंगचे इंजिन मिळाले, तेव्हा तेथे मागे सील आले. आमच्या १९७७ च्या गाडीत तेरा वर्षांनंतरही मळसूत्रच! परवान्यांच्या त्या काळात ग्राहकच गाडीसाठी रांगेत उभा असे; इंजिन बदलण्याची घाई कारखान्याला कशाला असेल? (हे माझे मत. वाद घालायला हरकत नाही.) ४/

तरीही ताटाची परात का झाली, हे उरलेच. तेल खाली ओघळते आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे जाते. त्यामुळे डाग जिथे दिसतो तिथे उगम क्वचितच असतो. आम्ही रॉकेल आणि ब्रशने इंजिन लख्ख धुतले, कोरडे केले, बाहेरून टाल्कम पावडर फवारली, इंजिन वीस मिनिटे चालवले आणि बॅटरी घेऊन वरून खाली पाहत गेलो. वरचे झाकण, ज्याला मिस्त्री टॅपेट कव्हर म्हणतात, कोरडे. पुढचे टायमिंग कव्हर कोरडे. पण डाव्या बाजूला, मॅनिफोल्डच्या आड, ब्लॉकवर दोन लहान झाकणे असतात. खरे टॅपेट त्यांच्या मागे. त्यातल्या मागच्या झाकणाखाली पावडरीवर ओली काळी रेघ उमटली होती, आणि ती थेट क्लचच्या कवचाकडे गेली होती. ५/

झाकण मधल्या एकाच बोल्टवर बसते. गळती थांबावी म्हणून कोणीतरी तो जोर लावून आवळला होता, त्याने पत्रा वाकला आणि बुचाचे पॅकिंग एका कडेला सैल पडले. आवळण्याने गळती वाढते ती अशी. ६/

दुसरा गुन्हेगार पुढच्या झाकणावरचा ब्रीदर पाइप. पिस्टनजवळून निसटणारा वायू त्यातून बाहेर पडायचा. पाइप काजळीने बुजलेला. कोंडलेला दाब तेलाला मिळेल त्या फटीतून रेटतो, आणि मळसूत्राची फट तर कायम उघडीच. पाइप साफ केला, पत्रा लाकडावर ठोकून सपाट केला, नवे पॅकिंग घातले, बोल्ट हलकाच कसला. मॅनिफोल्ड काढण्यात अख्खा दिवस गेला. इंजिन मात्र जागचे हलले नाही. ७/

पडताळा घेतला अमरावती रस्त्यावर. हाच तो महामार्ग, जिथे जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला. बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा, आणि परत. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी त्यावर चार थेंब होते, बरोबर मळसूत्राच्या खाली. आजोबांनी पुठ्ठा मिस्त्रींना दाखवायला जपून ठेवला आहे. काकांनी भंगारवाल्याला नको म्हणून कळवले. ८/८