ई-बाईकला लायसन्स, नंबर प्लेट लागते का? २५ च्या स्पीडचा नियम नेमका काय आहे?

‘लायसन्स नको, पासिंग नको, पेट्रोलचा खर्च नाही.’ ई-बाईक विकताना हे तीन मुद्दे हमखास सांगितले जातात. सोयगावसारख्या तालुक्याच्या गावात हे ऐकून बरं वाटणं साहजिक आहे. कारण जिल्ह्याचं आरटीओ ऑफिस सुमारे १०० किलोमीटर लांब, छत्रपती संभाजीनगरला आहे. पण ही सूट प्रत्येक ई-बाईकला मिळत नाही.

सूट कुणाला?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती गाडी ‘मोटार वाहन’ ठरत नाही. त्यामुळे लायसन्स, नोंदणी आणि विमा सक्तीचा नाही. पेडल मारायच्या ई-सायकलसाठी आणखी एक अट आहे. वेग २५ किमीवर गेला किंवा पेडल मारणं थांबलं, की मोटरही बंद झाली पाहिजे.

यातली एक जरी मर्यादा ओलांडली, तरी ती गाडी कायद्याने स्कूटरच. मग हिरवी नंबर प्लेट, लायसन्स, विमा आणि हेल्मेट सगळंच लागतं.

वाद कशामुळे?

काही जण गाडी घेतल्यावर स्पीड लिमिट काढून घेतात. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने अशा ‘मॉडिफाय’ ई-बाईकवर कारवाईचे आदेश दिले होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

रस्त्यावरची नाराजीही इथूनच येते. सायकलवाल्याच्या बाजूने आवाज न करता स्कूटरच्या वेगाने गाडी जाते. कारचालकाला धक्का लागला, तर नोंदवून घ्यायला नंबरच नसतो. नियमात चालवणाऱ्यालाही मग तेच बोल ऐकावे लागतात.

अपघात झाला तर?

खरा फटका इथे बसतो. वेग वाढवलेली गाडी कायद्याने मोटार वाहन, पण तिचा विमा नाही. समोरचा माणूस जखमी झाला, तर नुकसानभरपाई खिशातून द्यावी लागू शकते. गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात असेल, तर कलम १९९-अ नुसार पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

सूट असलेली ई-बाईकही बेदरकारपणे चालवता येत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ तिलाही लागू होतं.

घेताना काय बघाल?

- मोटर किती वॅटची आणि वेग किती, हे बिलावर लिहून घ्या.
- पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र मागा.
- ‘स्पीड वाढवून देतो’ असं कुणी म्हटलं, तर सरळ नाही म्हणा.
- सक्ती नसली तरी हेल्मेट घाला.