मधुबनी चित्रकला
बिहारमधील मिथिला प्रदेशाची लोकचित्रशैली. विवाहप्रसंगी कोहबराच्या, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीच्या, भिंतींवर स्त्रिया कमळ, बांबू, मासे व कासवे रंगवीत. काजळी, हळद, नीळ हे घरचेच रंग. रंगभरणीची ती ‘भरणी’, बारीक रेघांची ती ‘कचनी’. १९३४ च्या भूकंपात घरे कोसळली, तेव्हा ही चित्रे ब्रिटिश अधिकारी विल्यम आर्चर यांच्या दृष्टीस पडली. पुढे १९६६-६७ च्या दुष्काळात कुटुंबांना मिळकत व्हावी म्हणून चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तेथे पाठविण्यात आले. त्यांनी स्त्रियांच्या हाती कागद दिला. भिंतीवरील चित्र पुढच्या लिंपणाखाली झाकले जाई, त्याखाली नावही नसे. कागदावरील चित्र विकले गेले, चित्रकर्तीही ओळखली जाऊ लागली. जगदंबा देवी यांना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. कोहबराचे चित्र मात्र आजही लग्नात लागतेच. काही घरी ते कागदावर काढून भिंतीला लावतात.