अवर्षण आणि तरवार

जपानच्या मध्ययुगाचा आरंभ इतिहासकार बहुधा ताइरा व मिनामोतो या दोन घराण्यांच्या युद्धापासून धरतात. इ. स. ११८० त पेटलेलें हें युद्ध ११८५ त दान्-नो-उरा येथील आरमारी संग्रामांत संपलें, व ताइराप्रमुख कियोमोरीचा दौहित्र, बालसम्राट आंतोकु, समुद्रांत बुडाला. या वर्षांच्या वीरगाथा तेथील अंध गायकांनीं पिढ्यान्‌पिढ्या गाइल्या. परंतु त्याच अवधींत राजधानी क्योतो येथें माणसें कशीं मेलीं हें जाणावयाचें, तर आम्हांस कामो-नो-चोमेई या विरक्त कवीनें १२१२ त लिहिलेला 'होजोकि' हा लहानसा निबंधच उघडावा लागतो.

आग, वावटळ, दुष्काळ, भूकंप हीं सारीं तो सांगतो. युद्धाचें वर्णन मात्र कोठेंच करीत नाहीं. म्हणून ११८१-८२ चा दुष्काळ हा केवळ दैवी कोप समजण्याचा प्रघात पडला आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. क्योतो हें खाणारें नगर, पिकविणारें नव्हे. त्याचें धान्य प्रांतांतून येई. पश्चिमेस पाऊस पडला नाहीं हें खरें. पण पूर्वेकडील प्रांत योरितोमोनें बळकाविले होते व उत्तरेकडील वाटा योशिनाकाच्या हातीं गेल्या होत्या. आकाशानें जें अर्धें नेलें, त्याचें उरलेलें अर्धें तरवारीनें अडविलें.

बाजारांत विकावयास आलेल्या सरपणावर तांबडें रोगण व सोन्याचा वर्ख दिसे. लोक ओस देवळांतील मूर्ति फोडून त्यांचीं लांकडें विकीत! निन्ना-जी मठाचा भिक्षु ऱ्यूग्यो हा रस्त्यांतील प्रत्येक प्रेताच्या कपाळीं 'अ' हें अक्षर लिहीत हिंडला. (हा 'अ' आपल्याच देशांतून सिद्धम् लिपीच्या रूपानें मंत्रमार्गी बौद्धांबरोबर चीनमार्गें तिकडे गेलेला.) दोन महिन्यांत, राजधानीच्या केवळ पूर्वभागांत, अशीं प्रेतें ४२,३०० हून अधिक भरलीं. त्या युद्धांतील कोणत्याहि रणभूमीची इतक्या आस्थेनें केलेली गणती आमच्या वाचनांत नाहीं.

दान्-नो-उरानंतर चार महिन्यांच्या आंतच भूकंप झाला. मृत कियोमोरी नागरूप घेऊन भूमि हालवितो, असें लोक बोलूं लागले. दरबारानें शकाचें नांव पालटून 'बुंजि', म्हणजे शस्त्रानें नव्हे तर विद्येनें चालणारें राज्य, असें ठेविलें. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस योरितोमोनें प्रांतोप्रांतीं आपले लष्करी अंमलदार नेमण्याची परवानगी त्याच दरबाराकडून मिळविली.