तुकोजीराव कोणते?

माळव्यातील मराठी संस्थानांचे कागद वाचू लागणाऱ्यास मोडी एक वेळ सवयीने साधते; नावांचा घोटाळा मात्र सहजी सुटत नाही. धारच्या पवारांत आनंदराव चार झाले. देवासच्या थोरल्या पातीत तुकोजीराव तीन आणि कृष्णाजीरावही तीन. एखाद्या सनदेवरील साल फाटून गेले आणि नुसते ‘आनंदराव पवार’ एवढेच उरले, तर ती पहिल्या आनंदरावांची, की १८९८ साली निवर्तलेल्या तिसऱ्यांची? इनामाचा हक्क खरा की खोटा, हे कित्येकदा एवढ्यावरच ठरावयाचे असते.

आजोबांचे नाव नातवास ठेवावे, ही मराठी घरांतली जुनी रीत. नाव चालले म्हणजे घराणे चालले. धारच्या मैनाबाईंनी तर याहून पुढचे पाऊल टाकले. पती दुसरे आनंदराव १८०७ साली वारले; पाठोपाठ अल्पवयी पुत्र रामचंद्ररावही गेला. तेव्हा बाईंनी बहिणीचा मुलगा दत्तक घेतला आणि त्याचे नावही रामचंद्ररावच ठेविले. चोहीकडे लुटारूंची धामधूम असता राज्य राखणाऱ्या त्या बाईला गादीवरचे नाव बदलू द्यावयाचे नव्हते, असेच म्हणावे लागते. वंशावळ लिहिणाऱ्यास मात्र तेथे ‘पहिले’ व ‘दुसरे’ असा भेद करणे भागच पडते.

देवासला माणसांचीच नव्हे, राज्यांचीही नावे एक. पहिल्या बाजीरावाबरोबर माळव्यात उतरलेल्या तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंनी १७२८ साली ते मिळविले. पुढे त्यांच्या वंशजांचा कारभार विभक्त झाला, पण राजधानी एकच राहिली. गावच्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका राज्यात, दुसरी दुसऱ्या राज्यात. पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थाही निरनिराळी! लोकांनी थोरली पाती आणि धाकटी पाती म्हणून भेद राखला, इंग्रज दप्तराने सीनिअर आणि ज्युनिअर लिहिले. रुक्मांगदराव तर दोन्ही पात्यांत होऊन गेले. त्यामुळे पाती लिहिल्यावाचून नावास अर्थच राहिला नाही.

बरे, अनुक्रमांक घातला म्हणजे तरी भागते काय? १९०३ ते १९२६ या काळात देवासच्या थोरल्या पातीवर तुकोजीराव तिसरे होते आणि जवळच इंदूरला होळकरांच्या गादीवरही तुकोजीराव तिसरेच होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली ज्यांचे खाजगी चिटणीस झाले, ते पवार, होळकर नव्हेत. घराणे, पाती आणि अंक ही तिन्ही जुळली, तरच माणूस सापडतो.

आजच्या जीवशास्त्रज्ञांपुढे हाच पेच वेगळ्या रूपाने उभा आहे. जनुकांची अक्षरमाला संगणकात भरून कोणता भाग कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, याची नोंद करतात. एकाच जनुकाच्या अनेक प्रती निघतात. सर्वांस एकच नाव ठेवले, तर एकीची दुरुस्ती दुसरीस चिकटते. ओळीने अंक द्यावेत, तर मध्येच नवी प्रत सापडल्यावर पुढचे सारे अंक हलतात. म्हणून प्रत्येक नोंदीस स्वतंत्र खूण देतात. ती पुन्हा दुसरीस देत नाहीत. बोलण्यातले नाव निराळे राहते.

अशी खूण संस्थानी दप्तरांत असती, तर उलट प्रकारचा घोटाळाही टळता. १९३७ साली देवासच्या थोरल्या पातीवर आलेले विक्रमसिंहराव १९४७ साली कोल्हापूरला दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. देवासला त्यांचे पुत्र कृष्णाजीराव बसले. एका यादीत विक्रमसिंहराव, दुसरीत शहाजी. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्याशिवाय हे एकच गृहस्थ, याचा पत्ता लागत नाही.