मातीच्या बंधाऱ्याची देखभाल

मातीचा बंधारा बहुधा दोन कारणांनी फुटतो: पाणी माथ्यावरून वाहते किंवा भरावातून आतल्या आत वाट काढते. म्हणून मे महिन्यातच सांडव्यातील गाळ व झुडपे काढा. जास्त पाणी साठावे म्हणून सांडव्यावर गोण्या रचणे धोक्याचे. भरावावरची बाभळीची रोपे लहान असतानाच उपटा. मोठ्या झाडाचे मूळ कुजले की पाण्याला नळीच मिळते. गवत मात्र राहू द्या. खेकडे-उंदरांची बिळे ओलसर मातीने ठासून भरा.

पायथ्याशी थोडे स्वच्छ पाणी झिरपतेच. ते गढूळ झाले तर आतली माती वाहते आहे. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले, गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. अशी गळती खालच्या बाजूने मातीने बुजवू नका. वाळू व त्यावर खडी टाका, तहसीलदारांना कळवा आणि खालची वस्ती तेव्हाच हलवा.